दिव्याखाली पारा

टेम्सकाठची

इथे लंडनमध्ये ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर वॉलेस कलेक्शन हे संग्रहालय आहे. मँचेस्टर स्क्वेअरमधला एक जुना वाडाच म्हणा ना. तिकीट नाही, त्यामुळे डबा लवकर संपला की मी तिथे एक चक्कर टाकून येते. आधी सगळ्यांसारखी चित्रं बघायचे. आता चित्रांकडे पाठ करून शेकोटीवरच्या फळीसमोर उभी असते, आणि तिथल्या रखवालदारालाही त्याची सवय झालीय.

त्या फळीवर मधोमध घड्याळ आणि दोन बाजूंना फांद्याफांद्यांची सोनेरी शमादानं (मेणबत्त्या लावायचे दिवे), असा फ्रेंच थाट. चौदाव्या लुईपासून नेपोलियनपर्यंत पॅरिसमध्ये असल्या वस्तूंचा मोठा धंदा चालला. (शब्दांची एक गंमत. फ्रेंचमध्ये ‘शांदेलिए’ म्हणजे टेबलावरचं मेणबत्तीचं घर. छताला टांगतात ते ‘ल्युस्त्र’. इंग्रजांनी शब्द उचलला तो थेट छताला नेऊन टांगला.)

खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा नाक मुरडलं होतं. लग्नाच्या हॉलमधल्या नवरानवरीच्या खुर्च्या आठवल्या. मत बदललं ते एका डिसेंबरात. दुपारी तीनलाच अंधारून आलं होतं, खिडकीतून जेमतेम उजेड येत होता. समोर गडद काशाची एक बाई, तिच्या हातात सोनेरी फांदी, फांदीला पानं. पानाची मधली शीर लखलखत होती आणि दोन्ही बाजूंचं पान मात्र मंद, पिठूळ, पिकल्या आंब्याच्या सालीसारखं. रंग दोन्हीकडे सोन्याचाच. मी डोकं हलवलं तशी शीर हलली, पान जागच्या जागी राहिलं. मग कळलं की ही वस्तू ट्यूबलाइटखाली बघायचीच नाही. ती हलत्या ज्योतीसाठी केलेली आहे. ज्योत थरथरली की चकचकीत भाग उजेड फेकतो आणि मंद भाग तो धरून ठेवतो.

त्यानंतर हे दोन प्रकारचं सोनं एकाच पानावर आणतात कसं, याच्या मागे लागले. जे हाती लागलं ते इथे टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे याला ‘गिल्ट ब्राँझ’, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेलं काशं, म्हणत असले तरी आतला धातू बहुतेक वेळा आपल्या पितळेच्या जवळचा असतो, म्हणजे तांबं, जस्त, थोडं कथील, थोडं शिसं. एक अख्खं शमादान कधीच एका ओतात निघत नाही. खोड वेगळं, फांद्या वेगळ्या, मेणबत्तीची घरं वेगळी, मेण झेलायच्या बशा वेगळ्या. पॅरिसचे ओतारी साच्यासाठी जवळच्या फोंतने-ओ-रोझ गावची बारीक चिकट वाळू वापरत. सुटे भाग ओतायचे, आणि शेवटी आतून सळई घालून नाहीतर मळसूत्राने एकमेकांत बसवायचे.

ओतून निघतं ते मात्र आंधळं असतं. कडा बोथट, वर वाळूचे खवले. इथून पुढे येतो ‘सिझलर’, छिन्नीवाला. त्याच्याकडे धारेच्या छिन्न्या असतात, तशीच बिनधारेची, टोकावर नक्षी असलेली कितीतरी ठसणीसुद्धा. पानाच्या शिरा तो काढतो. मंद भागावर ठिपक्यांचं बारीक जाळं तोच ठोकतो. दोनशे वर्षांनी आपण ज्याला ‘काय सुंदर मुलामा आहे’ म्हणतो, त्यातलं अर्ध्याहून जास्त काम मुलाम्याआधीच झालेलं असतं.

मग सोनं. ते उद्या लिहिते, इथे रात्रीचे साडेअकरा झालेत.

चिंचगूळ

मस्त! वाचनखूण साठवली. पिकल्या आंब्याच्या सालीसारखं सोनं, हे वाचून थेट आमच्या मामाच्या हॉलमधला भिंतीवरचा दिवा आठवला. त्याबद्दल एक दुःखद किस्सा आहे, नंतर सांगते.

खवचट_आजोबा

आपल्या ग्वाल्हेरला जयविलास राजवाड्यात यापेक्षा मोठं झुंबर आहे. छत पेलेल का हे बघायला आधी वर हत्ती चढवले होते म्हणे. तुमच्या त्या फळीवर मांजर तरी चढेल का?

टेम्सकाठची

आजोबा, ती झुंबरं काचेची, मामला वेगळा. हत्तींची गोष्ट मीही तिथल्या गाईडकडूनच ऐकलीय. आणि फळीवर मांजर चढलं तर तेवढ्याने माझं तिथलं येणंजाणं बंद होईल.

आता सोनं.

शुद्ध सोन्याचे पातळ कपटे तापवून लाल करायचे आणि पाऱ्यात सोडायचे. साधारण एकास आठ. सोनं विरघळतं आणि लोण्यासारखा गोळा होतो. तो चामड्यातून पिळून जास्तीचा पारा काढून टाकायचा. इकडे छिन्नीवाल्याकडून आलेला भाग आम्लात धुऊन, त्याला पारा आणि नायट्रिक आम्लाचं पाणी लावून तयार ठेवायचा, म्हणजे लोणी धरून बसतं. मग पितळी तारेच्या कुंचल्याने ते लोणी नक्षीच्या खाचाखोचांतून फासायचं.

या टप्प्यावर वस्तू सोनेरी दिसतच नाही. चांदीसारखी पांढरी दिसते! मग ती कोळशाच्या शेगडीवर फिरवत फिरवत तापवायची. पारा 357 अंशांना उकळतो. तो वाफ होऊन जातो आणि मागे सोनं उरतं, तेही निस्तेज, मातकट पिवळं. थर कमी वाटला तर पुन्हा लोणी, पुन्हा शेगडी.

आता पानाची शीर आणि पानाचं पोट. शीर चकचकीत हवी असेल तर हेमॅटाइट म्हणजे लोहाचा लालसर काळा दगड किंवा अकीक घासून सोनं दाबायचं. त्यात काही झिजत नाही, सोनं फक्त सपाट होतं. पोट मंद हवं असेल तर काम किचकट. जिथे चकाकी हवी त्या भागावर आधी खडूची भुकटी, साखर आणि डिंक यांचा लेप द्यायचा. मग सोरा, मीठ आणि तुरटी यांचं मिश्रण लावून तापवायचं आणि एकदम पाण्यात बुडवायचं. उघड्या भागावरचं सोनं सूक्ष्म खरखरीत होतं. लेपाखालचं तसंच राहतं, त्याला मग दगड लावायचा.

साखर, डिंक, मीठ, तुरटी. यादी वाचताना मला वाण्याकडे निघाल्यासारखं वाटलं.

या मंद सोन्यावर ज्याचा हात बसला होता असं सगळे मानतात तो पिएर गुतिएर, 1732 ते 1813. राजाचा छिन्नीवाला आणि मुलामावाला. पंधराव्या लुईची प्रेयसी ती मादाम द्यु बारी, तिच्या लुव्हसिएनच्या बंगलीत खिडकीच्या मुठीसुद्धा त्याच्या होत्या. खिडकीची मूठ! वॉलेसमध्ये त्याचं धूपपात्र आहे. लाल जास्पर दगडाचा वाडगा, सोनेरी तिपाई, मधोमध वेटोळं घातलेला साप. मूळ मालक द्युक द’ओमाँ. तो वारल्यावर 1782 मध्ये लिलाव झाला आणि राणी मारी आंत्वानेतने ते 12,000 लिव्रांना (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) घेतलं. त्या लिलावाच्या छापील यादीत गुतिएरच्या कामांपुढे ‘जी’ अक्षर टाकलेलं होतं. कारागिराच्या नावावर माल विकला जाणं तेव्हा फारच दुर्मीळ होतं.

आणि हाच माणूस 1787 मध्ये दिवाळखोर झाला. मोठ्यांची बिलं थकली. द्यु बारीबाईंकडे त्याचं साडेसात लाख लिव्रांच्या वर येणं होतं, आणि 1793 च्या डिसेंबरात त्या गिलोटीनखाली गेल्या. वसुली कुणाकडून करणार? गरिबीतच गेला.

तांबटआळी

छिन्नीबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. आमच्या घरी दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत ठोक्याचं काम होतं, त्यामुळे थोडं सांगतो. बिनधारेच्या ठसण्याने धातू कापत नाहीत, सरकवतात. ओतीव मालावर हे जास्त अवघड, कारण ओतीव धातू पत्र्यासारखा लवत नाही. एक ठोका जोरात बसला की पानाचं टोक तुटतं आणि अख्खा भाग पुन्हा ओतायला जातो. ठिपके सारखे आले पाहिजेत पण ओळीत दिसता कामा नयेत. ओळ दिसली की ते काम नवशिक्याचं. आमचे आजोबा म्हणायचे, ‘पाऊस पडल्यासारखं ठोक, फरशी बसवल्यासारखं नको.’

एक शंका आहे. ओतणारा, छिन्नीवाला, मुलामावाला हे सगळे एकाच छपराखाली काम करत का?

टेम्सकाठची

पाऊस आणि फरशी! हे मी आता विसरणार नाही. शुक्रवारी जाऊन तेवढंच बघते.

छपरं वेगळी, आणि भांडणंही भरपूर. 1776 पर्यंत ओतणाऱ्यांची संघटना वेगळी आणि मुलामावाल्यांची वेगळी होती. एकाने दुसऱ्याचं काम केलं की तक्रार. त्या वर्षी त्यांना एकत्र केलं आणि क्रांतीत संघटनाच मोडीत निघाल्या. त्यामुळे पुढच्या पिढीतल्या पिएर-फिलिप तोमीरला सगळं एका ठिकाणी करता आलं. 1804 मध्ये त्याने एक मोठं दुकानच विकत घेतलं, आणि भरभराटीच्या काळात त्याच्याकडे सातआठशे माणसं कामाला होती. पंख पसरलेली विजयदेवता, तिच्या हातात मेणबत्त्यांचं कडं, अशी नेपोलियनी शमादानं पाहिली असतील तर ती त्या काळातली. मला स्वतःला ती फार ताठ वाटतात, परेडला उभी केल्यासारखी. गुतिएरची पानं जिवंत असतात.

रसायनी_मुंबई

पाऱ्याचं पुढे काय झालं? तुम्ही ‘वाफ होऊन जातो’ म्हणून वाक्य संपवलंत. जातो कुठे? शेगडीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत जातो.

पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. रोज श्वासात गेली की हिरड्या सुजतात, दात हलतात, हात कापायला लागतात. आणि हा धंदा हातावरच चालणारा. 1830 मध्ये फ्रान्समध्ये या पद्धतीवर बंदी आली असं वाचल्याचं आठवतं. कुणी खात्रीने सांगेल का?

टेम्सकाठची

बरोबर पकडलंत. त्या वाक्याशी मी जरा घाईच केली.

ती 1830 ची बंदी सगळीकडे वाचायला मिळते, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही पॅरिसचे उत्तम कारखाने पाऱ्यानेच मुलामा देत होते. आल्फ्रेद बर्देली, आंरी दासाँ यांची कामं बघा. त्यामुळे त्या तारखेवर भिस्त ठेवू नका. धंदा पाऱ्यापासून दूर गेला तो मुख्यतः विजेमुळे. 1840 मध्ये इंग्लंडात एल्किंग्टनने विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं, दोन वर्षांत क्रिस्तोफ्लने फ्रान्सचे हक्क मिळवले. मग टाकीत बुडवा, तार जोडा, काम झालं. स्वस्त, आणि श्वासातला पाराही गेला (टाकीत सायनाइड होतं, ती वेगळीच कथा).

पण त्याआधीचा एक माणूस मला सगळ्यात जास्त आवडतो. आंद्रे-आंत्वान राव्हरिओ. स्वतः ब्राँझचा मोठा व्यापारी, याच धंद्यावर श्रीमंत झालेला. 1814 मध्ये वारला तेव्हा मृत्युपत्रात 3,000 फ्रँक ठेवून गेला, मुलामावाल्यांना पाऱ्यापासून वाचवण्याची युक्ती जो काढेल त्याला बक्षीस म्हणून. 1818 मध्ये ते द’आर्से नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळालं.

त्याची युक्ती ऐका. शेगडीवर उंच धुराडं. धुराड्याच्या पोटात आणखी एक छोटी आग, फक्त हवा वर खेचायला. आणि शेगडीच्या तोंडाला खाली ओढता येणारी काचेची झडप, हात आत घालण्यापुरती फट ठेवून. कारागीर बाहेर, वाफ आत.

रसायनी_मुंबई

अरे! हे तर आमच्या लॅबमधलं धुराचं कपाट. मी रोज ज्याच्या काचेखाली हात घालून काम करते तेच. कॉलेजात आम्हाला कुणी सांगितलं नाही की याच्या वाडवडिलांत राजवाड्याच्या दिव्यांना सोनं लावणाऱ्यांची शेगडी आहे.

पाटणवाला

नेपाळमध्ये पाटणला नेवार कारागीर मूर्तींना अजून असाच पाऱ्याचा मुलामा देतात. मी एका अंगणात अर्धा तास उभा राहून बघितलंय. टेम्सकाठची यांनी लिहिलेला तो पांढरा टप्पा डोळ्यांदेखत पाहिला. तारादेवीची मूर्ती, चांदीची वाटावी अशी. गॅसची ज्योत खालून वर फिरवली तशी चेहऱ्यावर हळद चढत गेली, आधी हनुवटी, मग गाल, शेवटी कपाळ. करणाऱ्याने नाकाला फडकं बांधलं होतं. साधं फडकं. मला म्हणाला, ‘मागे सरा, वाऱ्याच्या बाजूला उभे राहा.’ स्वतः मात्र तिथेच.

खवचट_आजोबा

यावर खवचट काही सुचत नाही. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चिंचगूळ

आता माझा किस्सा.

मामाकडे भिंतीवरचा दोन फांद्यांचा दिवा आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी आजोबांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला. विकणाऱ्याने ‘फ्रेंच’ सांगितलं होतं, पण विकणारा काय, गिऱ्हाईक बघून पॅरिसही सांगतो आणि पर्शियाही. काळपट सोनेरी होता, पानं अगदी वर वर्णन केलीत तशी.

एका दिवाळीच्या आधी मामी माहेरी गेलेली. मामाने हौसेने घरातली सगळी पितळ काढली. समई, घंगाळ, तांब्या, आणि तो दिवाही. चिंच, मीठ, राख आणि नारळाची शेंडी. मामा दोन तास बसून घासत होता. दिवा असा निघाला की नवाच. लख्ख. घंगाळासारखाच लख्ख. संध्याकाळी मामी आली, भिंतीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, ‘अहो, सोनं कुठे गेलं?’

तर प्रश्न असा की चिंचेने सोनं खरंच जातं का? आणि तो दिवा पाऱ्याचा होता की विजेचा, हे आता कळेल का?

रसायनी_मुंबई

चिंच सोन्याला काही करत नाही. चिंच फार तर सोन्याच्या बारीक भोकांतून खालच्या पितळेला लागते. सोनं नेलं ते राखेने आणि शेंडीने. काही हजारांश मिलिमीटरचा थर, त्यावर दोन तास! मामांचा हात जड असणार.

टेम्सकाठची

हसू की रडू कळत नाहीये. सगळ्यांसाठी: सोनेरी मुलाम्याच्या वस्तूला पितळेची कुठलीही पॉलिश, पूड, लिंबू, चिंच लावायची नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, बस्. मेण सांडलं असेल तर नख किंवा लाकडी काडी, सुरी नाही. काळपट दिसतंय ते कित्येकदा मूळ कारागिराने मुद्दाम दिलेलं मेणाचं आणि गेरूचं रंगकाम असतं, तो काही मळ नव्हे.

पाऱ्याचा की विजेचा हे बघायला दिवा उतरवून मागची बाजू बघ. पाऱ्याचं सोनं महाग आणि हाताने फासलेलं, त्यामुळे दिसणार नाही तिथे ते लावतच नसत. मागे नुसतं पितळ, आणि कडेवरून सोन्याचे ओघळ आलेले. विजेच्या टाकीत बुडवलेल्या वस्तूला मात्र मागे, पुढे, आत सगळीकडे एकसारखा रंग असतो. फांदी जिथे खोडात बसते तिथेही बघ. कुठली फांदी कुठल्या भोकात, हे लक्षात राहावं म्हणून कारागीर छिन्नीने खुणा करत, एक रेघ, दोन रेघा, ठिपका. मुकुटाखाली ‘सी’ अक्षर असा बारीक ठसा दिसला तर मला रात्री दोन वाजता उठव. तो कराचा ठसा फक्त 1745 ते 1749 एवढाच चालला. (नंतर खोटेही मारलेत, म्हणून तीन वाजता परत झोपेन.)

नाणीवाला

कॅरेट तपासायचं मशीन असलेल्या सोनाराकडे न्या ना. ते क्ष-किरणांवर चालतं, ओरखडाही उठत नाही. पारा दिसला की झालं.

रसायनी_मुंबई

कल्पना चांगली, पण एक मेख आहे. आवर्तसारणीत सोनं 79 आणि पारा 80, सख्खे शेजारी. त्या मशीनमध्ये दोघांच्या रेषा खेटून येतात, त्यात जस्ताचीही एक मधे लुडबुड करते. सोनाराचं मशीन सोनं, चांदी, तांबं, जस्त यांच्यावरच बेतलेलं असतं. पारा बहुधा यादीतच नसतो, आणि यादीत नाही ते पडद्यावर येत नाही. मशीन चालवणाऱ्याला अख्खा आलेख दाखवायला सांगा आणि फोटो काढून मला पाठवा.

चिंचगूळ

मामाकडे जाऊन आले. आधी मामाची समजूत काढावी लागली, त्याला वाटलं मी पंधरा वर्षांनी उणंदुणं काढायला आलेय.

दिवा उतरवला. मागे नुसतं पितळ, काळं पडलेलं. पण वरच्या डाव्या कडेला, जिथे मामाची शेंडी पोचली नाही, सोन्याचे तीन ओघळ आहेत. एक चांगला बोटभर लांब, खाली थेंबासारखा गोल झालेला. मुकुट आणि ‘सी’ काही सापडला नाही, झोपा. दोन्ही फांद्या मळसूत्राच्या. डावीकडच्या फांदीच्या बुडाला एक रेघ, उजवीकडचीच्या दोन. आणि खोडातल्या भोकांपाशी बघितलं तर एक रेघ उजवीकडे, दोन डावीकडे. म्हणजे आजोबांनी आणल्यापासून फांद्या उलट्या बसवल्या होत्या! तरीच ती दोन्ही फुलं भिंतीकडे तोंड करून होती.

मशीनवाल्याकडे शनिवारी जाणार. फांद्या आत्ताच सुलट लावल्या. मामी म्हणते आता घासायचंच असेल तर स्वतःचं टक्कल घास.

तांबटआळी

त्या ओघळांचा फोटो टाका हो. आणि मागे घासू नका, एवढं मामांना लिहून द्या.